पोटभाडेकरू : कायदा आणि कर

मुंबईत गिरगाव, लालबाग यांसारख्या भागांतील चाळींत भाड्याची खोली कित्येकदा पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे असते. कुटुंब वाढते, मुले डोंबिवली-विरारकडे राहावयास जातात आणि जुनी खोली एखाद्या परिचिताच्या हवाली केली जाते. दरमहा ठरावीक रक्कम हाती येऊ लागते. घरमालकास कळविण्याची आवश्यकता मात्र कोणास भासत नाही. वरकरणी निरुपद्रवी वाटणारा हा व्यवहार पोटभाड्याचा ठरल्यास मूळ भाडेकरूस घरावरील हक्कच गमवावा लागतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्याच्या कलम २६ अन्वये, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूस जागा पूर्णतः वा अंशतः पोटभाड्याने अथवा परवान्याने देता येत नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी वा त्यानंतर असे बेकायदेशीर पोटभाडे केले असल्यास कलम १६ नुसार घरमालक जागेचा ताबा मागू शकतो. या तारखेस इतिहास आहे. त्या दिवशी करारानुसार जागेचा ताबा असलेल्या परवानाधारकांना, १९४७ च्या मुंबई भाडे अधिनियमात दुरुस्ती करून, भाडेकरूंचा दर्जा देण्यात आला होता.

पोटभाडे झाले किंवा नाही, हे कागदावरील शब्दांवरून ठरत नाही. जागेचा अनन्य ताबा तिऱ्हाइताकडे गेला काय आणि त्यासाठी मोबदला घेतला गेला काय, या दोन गोष्टी न्यायालय पाहते. पैसे बहुधा गुपचूप दिले जातात. म्हणून तिऱ्हाइताचा अनन्य ताबा सिद्ध झाल्यावर, त्याचा समाधानकारक खुलासा भाडेकरूने केला नाही, तर मोबदल्याचे अनुमान काढता येते. ‘तो आमचा पाहुणा आहे’ एवढे सांगून भागत नाही. याउलट, कुटुंबातील व्यक्ती सोबत राहणे वा घरकामासाठी नोकर ठेवणे हे पोटभाडे नव्हे. स्वतः त्याच घरात राहून एखाद्यास त्यातील काही भाग वापरावयास देणे, म्हणजेच ‘पेइंग गेस्ट’ ठेवणे, हेही कायद्याने परवानाधारकाच्या व्याख्येतून वगळले आहे. मात्र भाडेकरूने कुलूप लावून गावी जावे आणि किल्ली ‘पाहुण्या’कडे असावी, अशा स्थितीत हा बचाव लंगडा पडतो.

बेकायदेशीर पोटभाडेकरूची अवस्था अधिक बिकट असते. मूळ भाडेकरूविरुद्ध झालेला ताब्याचा हुकूमनामा त्याच्यावरही बंधनकारक होतो. अनामत म्हणून दिलेली रक्कम मूळ भाडेकरूकडून वसूल करणे मग त्याचे त्यालाच पाहावे लागते.

ग्रामपंचायत सदस्यांनी एक भेद ध्यानी घ्यावा. भाडे नियंत्रण अधिनियम सर्व गावांना लागू नाही. जेथे तो लागू नाही तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ पाहावा लागतो आणि त्यातील नियम नेमका उलट आहे : करारात मनाई नसेल तर भाडेकरू पोटभाड्याने देऊ शकतो. बाजारपेठेच्या गावी शिक्षकास वा दुकानदारास घर देणाऱ्या मालकाने म्हणूनच मनाईची अट लेखी घालून घेणे इष्ट होय. तोंडी बोलणे पुढे उपयोगी पडेलच असे नाही.

आता कराविषयी. मूळ भाडेकरू घराचा मालक नसल्याने त्यास मिळणारे पोटभाडे सामान्यतः ‘घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न’ ठरत नाही. ते ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ म्हणून दाखवावे लागते. मालकास मिळणारी ३० टक्क्यांची सरसकट वजावट त्यास नाही. मात्र ते उत्पन्न मिळविण्यासाठी झालेला खर्च वजा करता येतो. समजा, भाडेकरू मालकास दरमहा १०,००० रुपये देतो आणि मालकाच्या संमतीने तेच संपूर्ण घर १६,००० रुपयांस पोटभाड्याने देतो. वर्षाच्या १,९२,००० रुपयांतून १,२०,००० रुपये वजा जाऊन ७२,००० रुपये करपात्र उत्पन्नात धरले जातील. घराचा काही भागच दिला असल्यास भाडेही त्या प्रमाणातच वजा होईल. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावर सूट घेणाऱ्या नोकरदाराने, तो ज्या घराचे भाडे दाखवितो तेथे स्वतः राहत असला पाहिजे. घर दुसऱ्यास देऊन ही सूट घेता येत नाही. कर भरला म्हणून बेकायदेशीर पोटभाडे कायदेशीर ठरत नाही, हे वेगळे सांगावयास नकोच.

संमती असल्यास ती लेखी घ्यावी. पोटभाडेकरूच्या संदर्भात मूळ भाडेकरूच कायद्याने ‘घरमालक’ समजला जातो, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय वाद उद्भवल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी पोटभाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.