रसायनशास्त्रांतील संशोधनाचा मार्ग

पदवी मिळाली म्हणजे शिक्षण संपलें, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. रसायनशास्त्रापुरती तरी ती खरी नाहीं. पदवीपर्यंत विद्यार्थी जे प्रयोग करितो, त्यांचीं उत्तरें गुरुजनांस आधींच ठाऊक असतात. संशोधनांत मात्र ज्याचें उत्तर कोणत्याहि ग्रंथांत नाहीं, असा प्रश्न हातीं घ्यावा लागतो. डॉ. कमलाबाई सोहोनी ह्यांच्या चरित्रावरून हा भेद चांगला ध्यानांत येतो.

माहेरच्या ह्या कमला भागवत. १९३३ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. झाल्या व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत त्यांनीं अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून, तो नाकारला. कमलाबाईंनीं माघार घेतली नाहीं. अखेर एक वर्ष काम पाहून मग निर्णय देण्याच्या अटीवर त्यांस प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या ह्यांच्या देखरेखीखालीं त्यांनीं दूध व डाळी ह्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांच्या कामामुळें संस्थेचें दार पुढील मुलींसहि उघडें झालें.

नंतर केंब्रिज येथें रॉबिन हिल ह्यांच्या प्रयोगशाळेंत बटाट्यावर काम करीत असतां, ‘सायटोक्रोम सी’ हें लोहयुक्त प्रथिन वनस्पतींच्या पेशींतहि असतें, असें त्यांनीं दाखविलें. पेशी प्राणवायूच्या साह्यानें अन्नांतून शक्ति मिळवितात. त्या क्रियेंत हें प्रथिन इलेक्ट्रॉन पुढें पोंचवितें. प्रबंध सुमारें ४० पृष्ठांचाच होता. १९३९ सालीं त्या पीएच्. डी. होऊन स्वदेशीं परतल्या.

विद्यार्थिमित्रहो, ह्यावरून बोध घ्यावा तो असा : संशोधनाचें मोल पानांच्या संख्येवर नसून प्रश्नाच्या नेमकेपणावर असतें. प्रथम पूर्वीच्यांनीं केलेलें काम वाचावें. प्रश्न लहान पण स्पष्ट निवडावा. प्रयोग पुनःपुन्हा करावा. आणि फसलेल्या प्रयोगाचीहि नोंद तितक्याच प्रामाणिकपणें ठेवावी.

पालकांसहि एक विनंति आहे. एम्. एस्सी. नंतर पीएच्. डी. स बहुधा चार-पांच वर्षें लागतात. मुलाच्या मिळकतीची वाट पाहणाऱ्या घरास तीं जड जातात. परंतु नेट परीक्षेंतून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीनें हा भार बराच हलका होतो, हें जाणून घ्यावें. कमलाबाईंचे वडील व चुलते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते; त्या घरास ही वाट परिचित होती. ज्या घरांत ती अपरिचित आहे, तेथें मुलांमुलींस धीराचा एक शब्द अधिकच हवा.