वाया जाणारी वीट

कोपर हे दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले स्टेशन. जवळच उल्हास नदीची खाडी आहे. शहर वाढले, तशी या बाजूला पुष्कळ बांधकामे झाली. आपल्यापैकी कुणी गवंडी आहे, कुणी बिगारी आहे, कुणी स्वतःचे घर बांधतो आहे. म्हणून बांधकामाचा माल वाया कसा जातो, ते आपण आज पाहू.

आधी विटा घेऊ. गाडीतून विटा धडाधड ओतल्या की फुटतात. समजा, १०० विटांत ५ फुटल्या. ५ म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण घराला १०,००० विटा लागत असतील, तर ५०० विटा गेल्या! तेवढ्यात मोरीची आडभिंत सहज झाली असती. म्हणून विटा हातोहात उतरवाव्या आणि रचून ठेवाव्या. त्या गवंड्याच्या हाताशी ठेवाव्या. वीट लांबून येते, तोवर गवंडी बसून राहतो. काम थांबते, मजुरी थांबत नाही. फुटलेले तुकडे फेकू नका. ते जमिनीच्या भरावात घाला.

आता सिमेंट. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. ओल लागली की सिमेंटचे खडे होतात. म्हणून गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्या. आधी आलेली गोणी आधी वापरावी. तीन-तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटचा जोर कमी होतो.

सिमेंटमध्ये पाणी पडले की साधारण अर्ध्या तासाने ते आवळू लागते. तेव्हा जेवणाच्या सुट्टीआधी मालाचा मोठा ढीग कालवू नये. आवळलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो लावला, तर भिंत कच्ची राहते. फेकला, तर पैसे गेले. लागेल तेवढाच माल कालवावा, हे बरे.

पण एक गोष्ट नीट ध्यानात धरा. माल वाया न घालवणे ही काटकसर. सिमेंट कमी घालणे, पाणी मारण्याचे दिवस चुकवणे ही चोरी. पाणी निदान ७ दिवस मारलेच पाहिजे. २०१३ साली, ४ एप्रिलला, इथून जवळच शिळ भागात एक बेकायदा इमारत बांधता बांधता कोसळली. ७४ माणसे मेली. त्यांत लहान मुलेही होती. घाईने आणि निकृष्ट बांधलेल्या घराची किंमत अशी मोजावी लागते.

वाचवायचे ते उकिरड्यावर जाणारे. भिंतीच्या पोटातले कधीही वाचवू नये.

हिशेब करा : १०० विटांत ३ फुटतात. ८,००० विटांत किती फुटतील? तुमच्या गावच्या भावाने त्यांचे पैसे किती होतील?