परत न ठेवता काढलेल्या चिठ्ठ्या : संभाव्यतेचा एक पाठ

मुले पाच व वस्तू दोनच, असा प्रसंग शिक्षकांस नवा नाही. अशा वेळी चिठ्ठ्या टाकल्या जातात. पहिल्या दोघांपैकी कोणास खुणेची चिठ्ठी निघाली की, शेवटी उभा असलेला मुलगा हिरमुसतो. "माझ्यापर्यंत काही उरतच नाही," ही त्याची तक्रार असते. "नशीब एकेकाचे" असे म्हणून ती उडवून लावणे सोपे. परंतु तक्रार गणिताची आहे व तिचे उत्तरही गणितानेच द्यावयास हवे. सहावी-सातवीच्या मुलांस अपूर्णांकांचा गुणाकार येत असल्याने ते त्यांच्या आवाक्यातलेही आहे.

साधन म्हणून पाच चिंचोके घ्यावेत व दोहोंवर शाईचा ठिपका द्यावा. चिंचोके दगडावर घासून पांढरे करू नयेत. घासलेली बाजू बोटांना कळते आणि मग प्रयोगात अर्थ उरत नाही.

पिशवीतून न पाहता एक चिंचोका काढला, तर तो ठिपक्याचा असण्याची संभाव्यता २/५. तो परत न ठेवता दुसरा काढावयाचा आहे. पहिला ठिपक्याचा निघाला असल्यास आत चार उरले व त्यांत ठिपक्याचा एकच. म्हणून आता संभाव्यता १/४. दोन्ही ठिपक्याचे निघण्याची संभाव्यता २/५ × १/४ = १/१०. येथे बरीच मुले १/५ लिहितात : ठिपक्याचा एक कमी झाला हे त्यांच्या ध्यानी येते, पण पिशवीतलाही एक कमी झाला हे येत नाही. अशा वेळी फळ्यावर खोडाखोड करण्यापेक्षा पिशवी उपडी करून उरलेले चिंचोके मोजावयास लावावे. पहिला परत ठेवला असता, तर उत्तर २/५ × २/५ = ४/२५ आले असते.

आता तक्रारीकडे वळावे. दुसऱ्या मुलास ठिपक्याचा चिंचोका दोन वाटांनी मिळू शकतो. पहिल्यास तो मिळाला असेल, तर २/५ × १/४ = २/२०; नसेल, तर ३/५ × २/४ = ६/२०. बेरीज ८/२०, म्हणजे २/५. पहिल्याइतकीच! पाचव्यासाठी इतका खटाटोपही नको. निघालेले चिंचोके क्रमाने ओळीत मांडले आहेत असे समजावे. पाचव्या जागी पाचांपैकी कोणताही चिंचोका येणे सारखेच शक्य आहे व त्यांत ठिपक्याचे दोन. म्हणून पुन्हा २/५.

मग मुलास अन्याय का वाटतो? आधीच्या चिठ्ठ्या त्याच्यादेखत उघडल्या जातात म्हणून. दोन्ही खुणा निघून गेल्याचे दिसताच त्याची संभाव्यता शून्य होते; एकही निघाली नसेल, तर चौथ्याची व त्याची दोघांचीही वाढते. ती बदलते उघडलेल्या चिठ्ठ्यांनी, रांगेतील क्रमाने नव्हे. सर्वांनी चिठ्ठी काढून मुठीत धरावी व एकदम उघडावी, म्हणजे हा सल राहत नाही.

वर्गाचे पाच गट करून प्रत्येकाकडून दोन-दोन चिंचोके काढण्याचा प्रयोग वीस वेळा करवून घ्यावा. शंभरांत दोन्ही ठिपक्याचे सुमारे दहा वेळा येतील. कधी सात, कधी तेरा. पाठ जुळावा म्हणून नोंदवहीत दहाचा आकडा लिहिण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. तेरा आले, तर तेराच लिहावेत व दुसऱ्या दिवशी आणखी शंभर वेळा काढावयास लावावे.