आरशाचा कॅमेरा आणि बिनआरशाचा कॅमेरा

तात्या आमच्या गावचे फोटोवाले. लग्न असो, बारसे असो, शाळेचे संमेलन असो, तात्या गळ्यात कॅमेरा अडकवून हजर. लहानपणी शाळा सुटली ती सुटलीच. पण दोन वर्षे रात्रीच्या वर्गाला आले आणि वाचायला शिकले. आता पावत्या ते स्वतः वाचतात.

परवा तात्या वर्गात आले ते हातात कागद घेऊनच. तालुक्याच्या दुकानदाराने नव्या कॅमेऱ्याचे भाव लिहून दिले होते. बरोबर माई होत्या. घरचा हिशेब माईंकडे असतो.

"गुरुजी, अक्षरं समदी लागली," तात्या म्हणाले. "पर एक शब्द उमगंना. मिररलेस."

"मिरर म्हणजे आरसा. मिररलेस म्हणजे बिनआरशाचा," मी म्हणालो.

"आवो, पर आरसा तर पायजेच की! आरसा न्हाई तर बघायचं कशातून?"

माई म्हणाल्या, "तेच म्या इचारते. आरसा काढून टाकला, तर भाव वाढला कसा?"

वर्गात हशा पिकला. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कागदावरचा आकडा मोठा होता. तात्यांनी पतपेढीत कर्जाची चौकशी करून ठेवली होती. यंदाच्या सराईत दोन लग्ने त्यांच्या हातची गेली. "तुमचा कॅमेरा जुना झाला," असे त्यांना तोंडावर सांगितले होते. आणि धाकटीची कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती.

त्या दिवशी आम्ही नेहमीचा धडा बाजूला ठेवला. तात्यांचा कागद हाच धडा.

आधी कॅमेरा म्हणजे काय ते पाहू. दुपारच्या वेळी दारेखिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत बसा. दाराला बारीक भोक असेल, तर कधी कधी समोरच्या भिंतीवर बाहेरचे चित्र पडते. रस्त्याने जाणारी बैलगाडी भिंतीवर दिसते, पण उलटी. चाके वर आणि माणूस खाली. कॅमेरा म्हणजे अशीच एक लहानशी अंधारी खोली. भोकाच्या जागी भिंग असते. भिंगालाच लेन्स म्हणतात. भिंतीच्या जागी पूर्वी फिल्म असे. आता तिथे चिप असते. तिला सेन्सर म्हणतात. सेन्सरवर प्रकाश पडला की चित्र उमटते.

आता अडचण बघा. सेन्सर आत, अंधारात. त्याच्यावर काय चित्र पडणार, ते फोटो काढणाऱ्याला बाहेरून कसे दिसावे?

यासाठी आरसा आला. पोरे आरशाने उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडतात, तशीच ही युक्ती. भिंगाच्या मागे, सेन्सरच्या पुढे, एक आरसा तिरका बसवलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो. वर एक पैलूदार काच असते. आरशाने आणि त्या काचेने मिळून उलटे चित्र सुलटे होते आणि आपल्या डोळ्याला दिसते. बटण दाबले की आरसा टुणकन वर उठतो. मागचा पडदा उघडतो. प्रकाश सेन्सरवर पडतो. पडदा मिटतो, आरसा खाली येतो. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे सारे होते. आपण ऐकतो तो "खटॅक" आवाज त्याचाच.

या जातीच्या कॅमेऱ्याला एसएलआर म्हणतात. जपानच्या निकॉन कंपनीने १९५९ साली 'एफ' नावाचा असा कॅमेरा काढला. तो जगभर गाजला. त्या वेळी आत फिल्म असे. १९९९ साली त्याच कंपनीचा 'डी १' आला. त्यात फिल्मच्या जागी सेन्सर होता. एसएलआरमध्ये सेन्सर आला की त्याला डीएसएलआर म्हणायचे. तात्यांचा कॅमेरा त्याच घराण्यातला आहे. त्याचे नाव 'डी ७५०'. तो २०१४ साली निघाला.

"मग आरसा काढला कशापायी?" तात्यांनी पुन्हा विचारले.

कारण सेन्सर स्वतःच पाहू शकतो. मोबाइलने फोटो काढताना काय होते ते आठवा. मोबाइलमध्ये कुठे आरसा असतो? सेन्सरला जे दिसते तेच काचेवर दिसते. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात तसेच आहे. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो. डोळा लावायच्या जागी एक इवलासा पडदा असतो. सेन्सरला दिसलेले चित्र त्या पडद्यावर उमटते. भिंगे बदलता येणारा असा कॅमेरा पॅनासोनिक कंपनीने २००८ साली काढला. निकॉन आणि कॅनन या दोघांनी आपले मोठ्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे २०१८ साली आणले. तात्यांच्या कागदावर 'झेड ६ टू' हे नाव होते. तो २०२० सालचा. त्याच्या खाली 'झेड ६' असे दुसरे नाव होते. तो २०१८ सालचा, वापरलेला, आणि पुष्कळ स्वस्त.

माईंचे बोट लगेच स्वस्त नावावर गेले. त्याचे पुढे सांगतो.

पहिली गोष्ट मी स्पष्टच सांगितली. भर उजेडात, उभ्या माणसाचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढा. कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवा. कुठला कोणता, ते मला ओळखता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही. दोन्हींचे सेन्सर एकाच मापाचे आहेत. दोन्हींत सुमारे २ कोटी ४० लाख ठिपके आहेत. जुन्या कॅमेऱ्याने फोटो खराब येतो म्हणणाऱ्याला फोटोतले फारसे कळत नाही.

फरक पडतो तो घाईच्या वेळी. तात्यांनीच उदाहरण दिले. अंतरपाट दूर होतो. नवरी मान वर करते. तो क्षण एकदाच येतो. त्या वेळी तिच्या डोळ्यांवर कॅमेरा नीट जुळला पाहिजे. या जुळण्याला फोकस म्हणतात. तात्यांच्या कॅमेऱ्यात फोकस जुळवणारा भाग वेगळा आहे. तो आरशाच्या खाली तळाशी बसवलेला असतो. त्याला नेमलेली ५१ ठिकाणे आहेत, आणि ती सारी चित्राच्या मधल्या भागात दाटलेली. नवरी कडेला असली की तात्यांची धांदल उडते. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सरच फोकस जुळवतो. अशी २७३ ठिकाणे चित्रभर पसरलेली आहेत. शिवाय तो माणसाचा डोळा ओळखतो आणि डोळ्याचा पाठलाग करतो. नवरी मान हलवो, पोर पळत येवो, तो डोळा सोडत नाही.

"हितंच माझी दोन लग्नं गेली बगा," तात्या हळूच म्हणाले.

दुसरी सोय उजेडाची. आरशातून आपल्याला खरा उजेड दिसतो. पण फोटो काळा येणार की पांढरा पडणार, ते काढल्यावरच कळते. बिनआरशाच्या पडद्यावर फोटो कसा येणार ते आधीच दिसते. पण यालाही दुसरी बाजू आहे. कॅमेरा बंद असला तरी आरशातून दिसते. पडद्याला मात्र सतत वीज लागते.

आता विजेचा हिशेब आला. माईंनी वही उघडली. एका ठरलेल्या चाचणीने कंपन्या बॅटरी मोजतात. त्या मापाने तात्यांचा कॅमेरा एका बॅटरीत १,२३० फोटो काढतो. 'झेड ६ टू' डोळ्याच्या पडद्यातून पाहिल्यास सुमारे ३४० काढतो. भराभर फोटो काढले तर दोन्हींचे आकडे वाढतात, पण फरक राहतोच. माईंनी भागाकार केला. चार बॅटऱ्या घेतल्या तेव्हा कुठे जुन्याची बरोबरी होणार.

"म्हंजे कॅमेऱ्याच्या किमतीत बॅटऱ्या धरा," माई म्हणाल्या आणि वहीत लिहिले. पुढे त्यांनी भिंगांचे विचारले. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. "घरात दोन भिंगं हायती. ती नव्याला बसत्यात का?"

सरळ बसत नाहीत. आरशाला हलायला जागा लागते. म्हणून जुन्या कॅमेऱ्यात भिंग जिथे बसते तिथपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटर लांब असतो. नव्यात आरसा नाही, म्हणून हे अंतर फक्त १६ मिलिमीटर. वजाबाकी करा. ३०.५ मिलिमीटर उरले. तेवढ्या जाडीचे एक कडे मध्ये बसवावे लागते. त्याला अ‍ॅडाप्टर म्हणतात. ते वेगळे विकत घ्यावे लागते, आणि कागदावर ते लिहिलेलेच नव्हते. दुकानदार विसरला असेल.

कडे लावूनही दोन्ही भिंगे सारखी चालणार नाहीत. तात्यांच्या लांबड्या भिंगाच्या पोटात स्वतःची मोटर आहे. ते नव्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करील. पण ५० मिलिमीटरचे लहान भिंग 'डी' जातीचे आहे. त्याला मोटर नाही. जुन्या कॅमेऱ्यातली मोटर त्याला फिरवते. नव्या कॅमेऱ्यात तशी मोटर नाही, कड्यातही नाही. ते भिंग हातानेच फिरवावे लागेल. तात्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. त्या भिंगाने त्यांनी आपल्या मुलींचे फोटो काढले होते.

आता तो स्वस्तातला 'झेड ६'. फोटोला तो चांगलाच आहे. पण त्यात कार्ड घालायची जागा एकच. तात्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात दोन जागा आहेत. ते प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरवतात. तीन वर्षांपूर्वी एका हळदीला त्यांचे एक कार्ड मेले. दुसऱ्या कार्डावर सारे फोटो होते, म्हणून अब्रू वाचली. लग्न काही पुन्हा लावता येत नाही. 'झेड ६ टू'मध्ये दोन जागा आहेत. मात्र त्यातली एक नव्या जातीच्या महाग कार्डाची. माईंनी स्वस्त नाव स्वतःच्या हाताने खोडले.

मी तात्यांना म्हणालो, "आधी एक लग्न भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढा." मोठ्या शहरांत कॅमेरे दिवसावर भाड्याने मिळतात. तात्यांनी तसेच केले. कॅमेरा आणि कडे दोन्ही आणले. जुना कॅमेराही जवळ ठेवला. परत आल्यावर त्यांनी वर्गात सारे सांगितले.

अंतरपाटाचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. नवरीच्या पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतका नेमका. मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी आवाज बंद करायची सोय वापरली. बिनआरशाचा कॅमेरा मुक्याने फोटो काढू शकतो. भटजी खूश झाले. पण मंडपात एलईडीचे दिवे होते. कितीतरी फोटोंवर आडवे काळे पट्टे आले. तात्या घाबरले आणि त्यांनी जुना कॅमेरा हातात घेतला.

पट्टे का आले? मुक्या फोटोत पडदा हलत नाही. सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा झुलते. त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. सेन्सरला कळते. दिवा मंदावला असताना जी ओळ वाचली, ती काळी पडते. अशा दिव्यांखाली मुका फोटो काढू नये. नेहमीचा पडदा वापरावा आणि त्याचा वेग फार वाढवू नये, म्हणजे पट्टे बहुधा टळतात. खटॅक आवाज झाला तरी चालेल. आरशाचा आवाज नसल्याने तो तसाही बेताचाच असतो.

धुळीचेही तात्यांनी सांगितले. वरातीत भिंग बदलले आणि फोटोंवर डाग दिसू लागले. जुन्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे आरसा आणि पडदा असतो. नव्यात भिंग काढले की सेन्सर उघडाच. भिंग बदलताना कॅमेरा बंद करावा. तोंड जमिनीकडे धरावे. शक्यतो आडोशाला जावे. धूळ गेलीच तर तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. उपरण्याने तर मुळीच पुसू नये. रबरी फुंकणी मिळते, ती वापरावी.

"वजन कसं वाटलं?" कोणीतरी विचारले. जुना बॅटरीसकट ८४० ग्रॅम, नवा सुमारे ७०५. मध्ये कडे लावले की तो फायदाही बराचसा जातो. तात्यांना काही फरक वाटला नाही.

निकॉनने २०२० नंतर आरशाचा नवा कॅमेरा काढलेला नाही. म्हणून वापरलेले डीएसएलआर आता स्वस्त मिळतात. नवशिक्याला ती सोन्यासारखी संधी आहे, असे माझे मत. पण तात्या नवशिके नाहीत, आणि त्यांच्याकडे लोक अंतरपाटाचा फोटो मागतात.

माईंनी वहीत दोन रकाने पाडले होते. एकीकडे 'झेड ६ टू', कडे, तीन जादा बॅटऱ्या, महाग कार्ड. नवे भिंग मात्र नाही. दुसरीकडे जुना कॅमेरा विकून काय येईल तो आकडा. तो आकडा फारच लहान होता. माईंनी त्याच्यावरही रेघ मारली.

"इकायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "ल्हान भिंग त्याच्यावरच ऱ्हाऊ द्या. दोन कॅमेरे घेऊन जावा. कर्ज निम्मंच काढायचं, बाकीचं दिवाळीनंतरच्या लग्नांतनं. फीला हात लावायचा न्हाई."

तात्यांनी पतपेढीचा अर्ज तिथेच बसून भरला. कर्जाचे कारण या ओळीपाशी ते थांबले. मग एकेक अक्षर जुळवत लिहिले, "बिनआरशाचा कॅमेरा." सही करताना यंदा त्यांना अंगठ्याची शाई लागली नाही.