बाजारांतील कापड व त्याची पारख

हल्लीं घरोघरीं एक तक्रार ऐकूं येते कीं, कपडे पूर्वींसारखे टिकत नाहींत. सदरा दोन महिन्यांत विरतो, विजारीची शिवण गुडघ्यापाशीं उसवते, टी-शर्ट तिसऱ्या धुण्यास एका अंगास पिळवटतो. नाशकांत मेन रोडवर, शालिमारच्या बाजूस किंवा कॉलेज रोडवरील चकचकीत दुकानांत, कोठेंही खरेदी करा, अनुभव थोड्याफार फरकानें तोच. किंमत कमी दिली म्हणून माल हलका मिळाला असें म्हणावें, तर पुष्कळ पैसे मोजून आणलेलें वस्त्रही कित्येकदां तोच गुण दाखवितें. असें कां होतें, आणि विद्यार्थ्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं व बोटांनीं कापड कसें पारखावें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आधीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पूर्वींचें सर्वच कापड चांगलें होतें असें नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां इंग्लंडांतील लॅंकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. तेव्हां तेथील कित्येक गिरणीवाल्यांनीं सुतास खळ देतांना तींत चिनी माती सढळ हातानें मिसळून कापडाचें वजन वाढविलें, आणि असलें कापड हिंदुस्थानांतही येऊन खपलें. दुकानांत तें भरदार वाटे. घरीं पहिल्या धुण्यास माती पाण्याबरोबर जाई व मालकाच्या हातीं जाळी राही. तेव्हां लबाडी जुनीच आहे. गिऱ्हाइकास ती ओळखतां येईनाशी झाली, हें मात्र अलीकडचें. तें कसें झालें हें पाहण्यापूर्वीं कापड कशाच्या बळावर टिकतें तें समजून घेऊं.

आपल्याकडील सर्वसाधारण चांगल्या कापसाच्या तंतूची लांबी २८ ते ३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बोटाच्या एका पेराहून थोडी अधिक असते. असे असंख्य आंखूड तंतु एकत्र पिळून सूत होतें. त्यांस धरून ठेवावयास डिंक नसतो, केवळ पीळ असतो. तंतु लांब असले म्हणजे एकमेकांस अधिक ठिकाणीं धरतात. म्हणून उत्तम सुतासाठीं कापूस विंचरून त्यांतील आंखूड तंतु काढून टाकतात. हा विंचरण्याचा खर्च वांचविला, वर पीळही कमी दिला, म्हणजे सूत स्वस्त पडतें आणि नवें असतांना मऊही लागतें; पण वापरांत आंखूड तंतूंचीं टोकें बाहेर येऊन त्यांच्या बारीक गोळ्या होतात. शुद्ध सुती कापडावरील गोळ्या कालांतरानें झडतात. पॉलिएस्टरच्या मिश्रणांत तो चिवट धागा त्यांस सोडीत नाहीं, म्हणून त्या तेथेंच बसतात. नवा सदरा फार मऊ लागला म्हणजे तो चांगलाच असला पाहिजे, हा समज येथें फसतो.

सुताचा बारीकपणा नंबरानें मोजतात. ८४० वारांची एक लड, आणि अशा जितक्या लडी मिळून एक पौंड भरतात तितका त्या सुताचा नंबर. ४० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी याप्रमाणें ३३,६०० वार होते. बारीक सूत हा दोष नव्हे. तें दाट विणलें तर त्याचेंच उंची धोतर होतें. दोष आहे तो बारीक सूत विरळ विणण्यांत. इंचामागें ताण्याचे व बाण्याचे, म्हणजे उभे व आडवे, चार-सहा धागे कमी केले तर दुकानांत कोणास कळत नाहीं, पण हजारों वारांवर ती बचत मोठी होते. मग शिवणीपाशीं ताण पडतांच धागे बाजूस सरकतात, आणि कापड न फाटतांही तेथें भोंक दिसूं लागतें. टी-शर्टाच्या पिळवटण्याचें कारणही अशाच घाईंत आहे. सुतांतील पीळ स्थिर न करतां विणलेलें, अथवा वीण तिरपी असतां तसेंच कापलेलें कापड धुतल्यावर आपल्या मूळ ओढीकडे वळतें, आणि बगलेखालची शिवण पोटावर येते.

शिंप्यांच्या भाषेंत एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे माया. शिवणीच्या आंतल्या अंगास जें जास्तीचें कापड सोडतात त्यास माया म्हणतात. पूर्वीं मुलांच्या कपड्यांत माया भरपूर सोडीत. मुलगा वाढला कीं शिवण उसवून सदरा मोठा करीत, आणि पुढें तो धाकट्या भावाच्या अंगावर उतरे. आजच्या पुष्कळशा तयार कपड्यांत माया अर्ध्या बोटाइतकीही नसते, व तिची कडा यंत्रानें कापून गुंफलेली असते. मोठें करण्याची सोय नाहीं, आणि जोराचा ताण बसला कीं शिवण कापडांतून निसटते. या एका गोष्टीनें खर्च केवढा वाढतो, हें ज्यांच्या घरीं तीन मुलें शाळेंत आहेत त्या आईबापांस विचारावें.

आतां पारख कां गेली तें पाहूं. कापड वारानें, पुढें मीटरनें, विकत घेण्याची रीत होती तेव्हां दुकानदार ठाण उलगडी, आई तें दोन बोटांत चोळून पाही, मावशी उजेडाकडे धरी, आणि उरलेलें शिंपी सांगे. ठाणाच्या काठावर गिरणीचें नांव छापलेलें असे; माल वाईट निघाल्यास दोष कोणाचा हें ठाऊक असे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील गिरणीकामगारांचा संप सुरू झाला; सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हां नीट उभ्या राहिल्याच नाहींत, आणि यंत्रमागांचा वाटा वाढतच गेला. आपल्या जिल्ह्यांतील मालेगांव हें यंत्रमागांचें एक मोठें केंद्र आहे. १८५७ नंतरच्या धामधुमींत व दुष्काळांत उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं तेथें हातमाग वाढविले, आणि १९३५ च्या सुमारास विजेवर चालणारे माग आले. दोष त्या मागाचा नव्हे. मागवाला सांगितलें तें विणतो. भाव व्यापारी ठरवितो, आणि भावाप्रमाणें धागे कमी होतात. मालेगांवीं निघालेलें कोरें कापड दुसऱ्या गांवीं रंगतें, तिसऱ्या गांवीं शिवलें जातें, आणि त्यावर नांव मात्र चौथ्याचें लागतें. अशा कापडाचा जाब विचारावा कोणास? भरीस भर म्हणून आतां आपण मोबाईलवर चित्र पाहून कपडे मागवितों. चित्रास हात लावून काय कळणार?

थोडें गणित करून पाहावें. समजा, ३०० रुपयांचा सदरा १५ धुणीं टिकला, तर एका धुण्यास २० रुपये पडले. ९०० रुपयांचा ९० धुणीं टिकला, तर १० रुपये. दुसरा स्वस्त, हें उघड आहे. परंतु ज्याच्या खिशांत आज ३०० रुपयेच आहेत त्यास हें गणित शिकवून काय उपयोग? गरिबास वस्तु महाग पडते ती अशी. आणि स्वस्ताईचा भार दुकानाबाहेरही कोणी तरी उचलीत असतो. बांगला देशांत ढाक्याजवळ सावर येथें २४ एप्रिल २०१३ रोजीं राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तींत युरोप-अमेरिकेंतील दुकानांसाठीं कपडे शिवणारे कारखाने होते. भिंतींस भेगा दिसल्यावरही कामगारांस आंत बोलाविलें गेलें होतें. ११०० हून अधिक माणसें त्या ढिगाऱ्याखालीं मेलीं.

खरें व खोटें शेजारीं ठेवून पाहावयाचें असेल तर येवल्यास जावें. नाशिकपासून ८० ते ८५ किलोमीटरांवरील हें गांव पैठणीसाठीं प्रसिद्ध आहे. राघोजी नाईक यांनीं विणकरांस तेथें आश्रय दिला अशी परंपरा आहे. हातमागावरील पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया किंवा आसावलीची वेल काढतांना विणकर प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी लहान कांडी घेतो, ताण्याचे धागे मोजतो, आणि एकेक ओळ हातानें भरीत जातो. जेथें रंग बदलतो तेथें दोन्ही धागे एकमेकांत अडकवितो. त्यामुळें मागें लोंबता धागा राहत नाहीं, व पदराच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. साधा पदर असल्यास कांहीं आठवडे, भरगच्च असल्यास कित्येक महिने एका साडीस लागतात. यंत्रमागावर जॅकार्डच्या योगानें तसलीच नक्षी अत्यल्प वेळांत निघते. पण तेथें रंगीत धागा नक्षी नसेल तेथें मागून धांवतो, तो पुढें कापून टाकतात, आणि उलटी बाजू शेंड्यांनीं खरखरीत होते. जरींतही भेद आहे. मूळ जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. आतां तांब्याची व प्लास्टिकचीही जर मिळते.

यंत्रावरची साडी 'सेमी पैठणी' म्हणून विकली तर कोणाची तक्रार नाहीं. हौस गरिबालाही असते, आणि ती तिनें भागते. तक्रार आहे ती तिलाच नुसती पैठणी म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यांत मारण्याची. यावर उपाय झाले नाहींत असें नाहीं. हातमागासाठीं कांहीं वस्त्रें राखून ठेवणारा कायदा १९८५ सालीं झाला, आणि पैठणीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. खरेदी करतांना दोन चिन्हें उपयोगी पडतात, पण त्यांचा घोटाळा करूं नये. २००४ सालीं सुरू झालेलें सिल्क मार्क रेशीम खरें आहे इतकेंच सांगतें. साडी हातानें विणली कीं यंत्रानें, याविषयीं तें मुकें आहे. हातानें विणल्याची खूण म्हणजे २००६ सालीं आलेलें हॅंडलूम मार्क. यांशिवाय सर्वांत जुना उपाय म्हणजे पदर उलटा करून पाहणें, आणि त्यास पैसे पडत नाहींत. लग्नाच्या खरेदींत दहा माणसें दुकानांत जातात, रंगावरून दोन तास वाद होतो, परंतु पदर उलटा कोणी करीत नाहीं! महिनोन्महिने मागावर बसलेल्या विणकराचा भाव यंत्राच्या भावाशीं ताडला जातो तो या एका चुकीमुळें, आणि त्याच्या मुलानें तोच धंदा पत्करावा कीं दुसरीकडे नोकरी शोधावी, हेंही त्यावरच ठरतें.

आतां पॉलिएस्टराविषयीं. हा धागा १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केला, आणि आज जगांत तयार होणाऱ्या वस्त्रतंतूंपैकीं निम्म्याहून अधिक तोच असतो. त्यास सरसकट नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. शाळेच्या गणवेषाचें टेरिकॉट हें त्याचें व सुताचें मिश्रण. तें लवकर फाटत नाहीं, चुरगळत नाहीं, आणि वाळतें झटकन. पण तें घाम टिपून घेत नाहीं, हें वैशाखांत दुपारच्या तासास बसणाऱ्या मुलांस सांगावयास नकोच. टिकाऊपणा व सुख हे दोन निराळे गुण आहेत. ओळखण्यासाठीं आंतल्या दुमडींतील एक-दोन धागे काढून, वडील माणूस जवळ असतां, पाण्याच्या ताटलीवर चिमट्यानें धरून जाळावे. सूत कागदासारखें जळतें व मऊ राख राहते. रेशमास केस जळल्याचा वास येतो व राहिलेली गांठ बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणि बनतो.

दुकानांत अर्थात् कांडी ओढून चालणार नाहीं. तेथें कापड उजेडाकडे धरून वीण सारखी आहे कीं जागोजागीं विरळ, तें पाहावें. कोपरा दोन्ही हातांनीं चोळावा. भुकटी पडली तर ती खळ आहे. शिवणीच्या दोन्ही बाजूंस धरून हलकेंच ओढावें. टांके शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसूं लागले तर तो कपडा ठेवून द्यावा. मग तो उलटा करून माया किती आहे, बटणें दोऱ्यानें पक्कीं आहेत कीं नुसतीं अडकविलीं आहेत, आणि रेघा शिवणीवर जुळतात कीं नाहीं, हें पाहावें. रेघा जुळविण्यास कापड जास्त लागतें, म्हणून ज्यानें त्या जुळविल्या त्यानें इतरत्रही फार काटकसर केली नसावी. विक्रेत्यास कंटाळा आला तरी हरकत नाहीं.

जुन्या कपड्यांची उत्तम पारख करणारी म्हणजे बोहारीण. तिला कोणी शाळेंत शिकविलेलें नसतें. ती सदरा झटकते, उजेडांत धरते, बगलेखालीं बोट घालते, आणि विरलेला असेल तर मुकाट्यानें बाजूस सारते. भांडें मिळतें तें उरलेल्या कपड्यांवर. जें तिनें नाकारलें त्याचें पूर्वीं दुपटें व गोधडी होई. सुती लुगडें दहा वर्षें नेसून झालें कीं तें इतकें मऊ होई कीं तान्ह्या बाळास त्याहून चांगलें अंथरूण नसे. ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टाची गोधडी नीट होत नाहीं. टांका घालतांना कापड ओढलें जातें व थर एकमेकांवर बसत नाहींत. घरीं एखादी जुनी गोधडी असेल, तर या सुट्टींत ती कोठें उसवली आहे तेथून आंत डोकावून पाहावें, आणि कोणता थर कोणाच्या लुगड्याचा आहे हें आजीस विचारून वहींत लिहून ठेवावें.