टोनी कोण?

प्रश्न : अमेरिकेत नाटकांना दर वर्षी ‘टोनी’ पुरस्कार देतात. हा टोनी कोण? आणि तिकडचं कुठलंही गाजलेलं नाटक या पुरस्काराला चालतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘हा’ नव्हे, ‘ही’. अँटोनेट पेरी तिचं नाव; जवळची माणसं टोनी म्हणत. १८८८ साली डेन्व्हरला जन्मलेली ही बाई आधी नटी होती, पुढे नाटकं बसवू लागली. नाटक बसवणारी बाई तेव्हा न्यूयॉर्कमध्येही क्वचितच दिसे.

दुसऱ्या महायुद्धात ‘अमेरिकन थिएटर विंग’ ही रंगकर्मींची संस्था उभी करण्यात तिचा पुढाकार होता. या संस्थेने १९४२ मध्ये एका नाट्यगृहाच्या तळघरात सैनिकांसाठी कँटीन काढलं. खाणंपिणं फुकट, आणि वाढायला खुद्द नावाजलेले नट-नट्या. मला तर वाटतं, पुरस्काराला तिचं नाव मिळालं ते या कामामुळेच जास्त शोभतं. १९४६ मध्ये ती हृदयविकाराने गेली. सहकाऱ्यांनी ६ एप्रिल १९४७ रोजी वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात तिच्या नावाचे पहिले पुरस्कार दिले. पदक तेव्हा नव्हतंच. मानपत्र आणि सोबत सिगारेट लायटर, बायकांसाठी पावडरची सोन्याची डबी, पुरुषांसाठी नोटांची क्लिप, अशा भेटवस्तू होत्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. नाटक ब्रॉडवेवर व्हावं लागतं, आणि ब्रॉडवे म्हणजे नुसता रस्ता नव्हे. मॅनहॅटनमधली, ५०० किंवा त्याहून जास्त खुर्च्यांची, ठरवून दिलेली ४१ नाट्यगृहं म्हणजे ब्रॉडवे. त्यातली बहुतेक आजूबाजूच्या गल्ल्यांतच आहेत. ‘हॅमिल्टन’ २०१५ च्या सुरुवातीला पब्लिक थिएटरच्या छोट्या सभागृहात झालं, तेव्हाच त्याच्या तिकिटांवर उड्या पडत होत्या. पण टोनीसाठी ते धरलं गेलं त्याच वर्षी रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहात गेल्यावर. २०१६ मध्ये त्याला ११ टोनी मिळाले. हा खुर्च्यांचा हिशेब मला खटकतो. शे-दोनशे प्रेक्षकांसमोर खेळलं जाणारं नाटक कितीही कसदार असो, मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडेल असा निर्माता मिळेपर्यंत ते या शर्यतीत उतरूच शकत नाही.

गद्य नाटक आणि म्युझिकल यांचे मुख्य पुरस्कार वेगवेगळे असतात, आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी असते तसे.

आज मिळतं ते पदक १९४९ पासूनचं. हर्मन रॉस या नेपथ्यकाराने त्याची रचना केली : एका बाजूला हसरा आणि रडवा मुखवटा, दुसऱ्या बाजूला सुरुवातीला टोनीचा चेहरा होता.

तिला स्वतःला हा पुरस्कार कधी मिळणार नव्हता. पण तिने बसवलेलं ‘हार्वे’ हे नाटक १९४४ च्या नोव्हेंबरात लागलं होतं. एका सज्जन माणसाची आणि कुणालाच न दिसणाऱ्या उंचापुऱ्या सशाची ही गोष्ट मेरी चेस यांनी लिहिली होती, त्याही डेन्व्हरच्याच. टोनी गेली, तिच्या नावाचा पहिला सोहळा झाला, तरी ‘हार्वे’चे प्रयोग चालूच होते. १,७७५ प्रयोग करून ते उतरलं जानेवारी १९४९ मध्ये, तिचा चेहरा पदकावर आला त्याच वर्षी.