किंमत आणि मोल

कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकावयास काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भयाने शेतकरी तो घेण्यास कचरत. नांगरट खोल होते, असा अनुभव आल्यावर त्यांचे भय गेले. १९१० साली वसलेली व आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी त्याची साक्ष देते.

आज सातारा-सांगलीकडील व्यावसायिकांपुढे तोच प्रश्न भारी संगणकाच्या रूपाने उभा आहे. आम्ही येथे एक हिशेब मांडतो. समजा, साधा संगणक ६०,००० रुपयांस व भारी ३,००,००० रुपयांस पडतो. अंतर २,४०,००० रुपये. पाच वर्षे, वर्षास २४० दिवस काम धरल्यास दिवस १,२०० होतात. म्हणजे रोजचा जादा खर्च २०० रुपये. चित्रफितींचे संकलन करणाऱ्याचा रोज एक तास वाचला व त्या तासात २०० रुपयांहून अधिक प्राप्ती झाली, तर खर्च सार्थ होय. केवळ पत्रे व जमाखर्च लिहिणाऱ्यास तो वेग व्यर्थ. यंत्र त्याच्या बोटांचीच वाट पाहत बसेल.

विद्यार्थिमित्रहो, वडिलांजवळ मोठे यंत्र मागण्यापूर्वी हा हिशेब कागदावर अवश्य मांडावा. कामास जुंपलेले यंत्रच आपली किंमत फेडते, असे आम्हांस वाटते.